धातू खरा, पण नाणं खरं का? सोन्या-चांदीची नाणी तपासताना

वारशाने हातात आलेली सोन्या-चांदीची नाणी खरी की बनावट हे ठरवायचं काम जानेवारीत माझ्याकडे आलं. सुरुवात कुठून करायची हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. आता जुलै आहे आणि काम पूर्ण झालंय. मधल्या महिन्यांत जे केलं ते क्रमाने लिहून ठेवते. घरात असा डबा असेल आणि त्याला हात लावायची भीती वाटत असेल, तर याचा उपयोग होईल.

मामांनी आयुष्यभर नाणी जमवली. ते गेल्यानंतर वर्षभर मामीने तो डबा उघडलाच नव्हता. "दोघी मुलींना सारखं वाटून द्यायचंय," ती मला म्हणाली. "पण एकीच्या वाट्याला अस्सल आणि दुसरीच्या वाट्याला भलतंच गेलं तर मला कसं चालेल? तू नीट तपास, मग वाटू." त्यामुळे मला फक्त एकूण किंमत काढायची नव्हती. प्रत्येक नाण्याबद्दल छातीठोकपणे काही सांगता यायला हवं होतं.

डब्यात ब्रिटिश सॉव्हरिन म्हणजे आपण ज्यांना गिन्या म्हणतो त्या होत्या, दक्षिण आफ्रिकेचं एक क्रुगरँड होतं, फ्रान्सची कोंबड्याची छाप असलेली वीस फ्रँकची सोन्याची नाणी होती. चांदीत राणी आणि राजा छाप रुपये, ऑस्ट्रियाच्या राणीच्या नावाचा एक मारिया थेरेसा थेलर, अमेरिकेचे दोन मॉर्गन डॉलर आणि अलीकडची एक औंसाची काही नाणी. काहींबरोबर पावत्या होत्या, बहुतेकांबरोबर काहीच नव्हतं.

पहिला आठवडा मी एकही चाचणी केली नाही, फक्त नोंदी केल्या. प्रत्येक नाण्याला क्रमांक, वेगळं कागदी पाकीट, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो. कडेचा फोटो बहुतेक जण घेत नाहीत, पण पुढे त्याच फोटोंनी माझं सर्वात जास्त काम केलं. नाणं कडेने धरायचं, खाली मऊ फडकं अंथरायचं आणि काहीही झालं तरी घासून-पुसून चकचकीत करायचं नाही. जुन्या चांदीवरचा काळपट थर हा नाण्याच्या वयाचा पुरावा असतो आणि संग्राहक त्यालाच किंमत देतात. पॉलिश केलेलं नाणं अस्सल असूनही त्याचं मोल उतरतं. शिवाय ओतीव बनावट नाण्याच्या पृष्ठभागावरच्या खुणाही घासण्याने पुसल्या जातात.

मग प्रत्येक प्रकाराचं मूळ माप वहीत उतरवलं. सॉव्हरिन : ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी साधारण १.५२, बावीस कॅरट. क्रुगरँड : १९६७ पासून, ३३.९३ ग्रॅम, तेही बावीस कॅरट, त्यात शुद्ध सोनं बरोबर एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३ ग्रॅम. वीस फ्रँक : ६.४५ ग्रॅम, २१ मिलिमीटर, ९०० चं सोनं, म्हणजे हजारात नऊशे भाग सोनं. मॉर्गन डॉलर : २६.७३ ग्रॅम, ३८.१ मिलिमीटर, ९०० ची चांदी. थेलर : २८.०७ ग्रॅम, ८३३ ची चांदी. ब्रिटिश काळातला रुपया : ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि ९१७ ची चांदी.

रुपयाबाबत एक गोष्ट आधीच कळली हे बरं झालं. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, म्हणजे ५०० ची झाली, आणि १९४७ चे रुपये तर निकेलचे आहेत. हे माहीत नसेल तर १९४३ चा अस्सल रुपया चाचणीत नापास होतो आणि १९४७ चा अस्सल रुपया चुंबकाला चिकटला म्हणून बाद होतो. म्हणून आधी वर्ष वाचायचं, त्या वर्षाची धातू बघायची आणि मगच उपकरण हातात घ्यायचं.

उपकरणं चारच घेतली : ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि तो पडताळायला एक प्रमाणित वजन, व्यास आणि जाडी मोजणारं डिजिटल कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक निओडिमियम जातीचा जोरदार चुंबक. सगळं मिळून जो खर्च आला तो एका गिनीच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता. कॅलिपरचे जबडे धातूचे असतील तर मध्ये पातळ कागद ठेवावा आणि कागदाची जाडी वजा करावी, नाहीतर मऊ सोन्यावर ओरखडा उठतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी चुंबकापासून सुरुवात केली. सोनं आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत. मॉर्गन डॉलरपैकी एक टचकन चिकटला. आत लोखंड, वर चांदीसारखा मुलामा. त्याचा निकाल तिथेच लागला. चुंबकाचा दुसरा उपयोग जास्त बारीक आहे. चांदीचं मोठं नाणं तिरकं धरून त्यावरून चुंबक सोडला, तर तो घसरत न जाता रेंगाळत खाली येतो, कारण हलत्या चुंबकामुळे चांदीत विद्युतप्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि ते त्याला अडवतात. एक औंसाच्या नाण्यांवर हे फार स्पष्ट दिसलं. मात्र तांब्यावरही चुंबक जवळजवळ असाच रेंगाळतो, कारण तांबं वीजवाहकतेत चांदीच्या अगदी पाठोपाठ आहे. म्हणजे चांदीचा मुलामा दिलेलं तांबं या चाचणीत सहज निसटतं. इथून पुढे वहीत प्रत्येक चाचणीसमोर मी दोन रकाने ठेवले : ही चाचणी काय पकडते आणि कुणाला पकडू शकत नाही. पुढचं सगळं काम त्या दुसऱ्या रकान्याच्या आधाराने झालं.

वजन आणि मापांना दोन संध्याकाळी लागल्या. रुपये ११.४ ते ११.६ ग्रॅमच्या दरम्यान भरले. हाताळून झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरणारच. पण झीज वजनात असेल तर ती चेहऱ्यावरही दिसली पाहिजे. राणी छापाचा एक रुपया १०.२१ ग्रॅम भरला आणि राणीच्या मुकुटाची, झग्यावरच्या नक्षीची रेघ न् रेघ तीक्ष्ण होती. दीड ग्रॅम झिजलेल्या नाण्यावर नक्षी शिल्लक राहत नाही. त्या पाकिटावर तांबडी खूण केली.

दुसरा मॉर्गन डॉलर वजनात चोख उतरला, २६.७ ग्रॅम. व्यासही बरोबर. पण मूळ जाडी साधारण २.४ मिलिमीटर असताना हा २.८ निघाला. चांदीपेक्षा हलक्या धातूत तेवढंच वजन भरायचं तर धातू जास्त लागतो आणि तो कुठेतरी दिसतोच, व्यासात नाही तर जाडीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले दुकानदार सॉव्हरिन तपासायला एक छोटा तराजू वापरायचे. त्यात नाण्याला वजनही उचलायला लागायचं आणि ठरावीक रुंदीच्या फटीतूनही जावं लागायचं. एकाच वेळी दोन्ही साधणं हलक्या धातूला जमत नाही.

आता घनता. या चाचणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि घरी करता येण्यासारखी हीच सर्वात भरवशाची आहे असं माझं मत झालंय. शुद्ध सोन्याची घनता १९.३, शिशाची ११.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. रीत अशी. नाणं कोरडं असताना वजन करायचं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं लटकवायचं. दोरा हाताने धरू नये. वर आडवी पट्टी ठेवून तिला बांधावा. काट्यावर आता जो आकडा दिसतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते.

क्रुगरँडचं कोरडं वजन ३३.९३, पाण्यातला आकडा १.९३. भागाकार १७.५८. बावीस कॅरट सोन्यात उरलेला भाग तांबं असेल तर घनता साडेसतराच्या जरा वरच येते. मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि आकडा जागचा हलला नाही. त्या क्षणी झालेला आनंद खरंच मोठा होता.

गिन्यांच्या बाबतीत मात्र आकडे नाचायला लागले. कधी १७.३, कधी १८.१. कारण गणितात आहे. आठ ग्रॅमची गिनी फक्त ०.४५ ग्रॅम पाणी सारते. माझा काटा ०.०१ पर्यंतच दाखवतो, त्यामुळे शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला की उत्तर दोन टक्क्यांनी सरकतं. नाणं जितकं लहान तितका हा गोंधळ जास्त. यासाठी मी ०.००१ ग्रॅमचा काटा मागवला, तो यायला दहा-बारा दिवस लागले आणि त्यानंतर सगळ्या गिन्या १७.५ ते १७.७ मध्ये आल्या. लहान सोन्याची नाणी तपासायची असतील तर पहिल्यापासून असाच काटा घ्यावा. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. अक्षरांच्या खाचेत अडकलेला एक बुडबुडाही सोन्याला हलकं ठरवतो.

तांबडी खूण असलेला राणी छाप रुपया ८.६५ आला. ९१७ च्या चांदीची घनता १०.३ च्या वर असायला हवी. ८.६५ हा आकडा जर्मन सिल्व्हरचा आहे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण, ज्यात चांदी नावालाही नाही. १९४३ चा रुपया साडेनऊच्या आसपास आला आणि ५०० च्या चांदीला तेच शोभतं. थेलर १०.२ वर.

घनतेच्या चाचणीचा दुसरा रकानाही भरला. टंगस्टन या धातूची घनता १९.२५ आहे, म्हणजे शुद्ध सोन्याच्या इतकी जवळ की घरगुती काट्याला फरक कळणार नाही. चोवीस कॅरटच्या नाण्यात टंगस्टनचा गाभा असेल तर वजन, माप, घनता तिन्ही जुळू शकतात. बावीस कॅरटच्या नाण्यात ही युक्ती इतकी सरळ चालत नाही. टंगस्टन त्या मिश्रधातूपेक्षा जड असल्याने मापाचं नाणं वजनाला जास्त भरतं. टंगस्टन फार कठीण आणि ठिसूळ असतो, त्यावर नीट छाप उठवणं अवघड. म्हणून हा प्रकार नाण्यांपेक्षा जाड लगडींमध्ये जास्त सापडतो.

आवाजाची चाचणी मी केली पण तिच्यावर निकाल सोडला नाही. बोटाच्या टोकावर तोलून हलकेच टिचकी मारली की चांदीचं नाणं लांबवर किणकिणतं, शिशाचं किंवा जस्ताचं ठप्प वाजतं. पण नाण्याला चीर असेल किंवा कधीकाळी दागिन्यासाठी कडी डाखलेली असेल तर अस्सल नाणंही बद्द वाजतं. आपटून मात्र बघू नये.

याच सुमारास नात्यातल्या एकाने कसोटीचा दगड आणि तेजाब घेऊन यायची तयारी दाखवली. मी नम्रपणे नको म्हटलं. दगडावर रेघ ओढून त्यावर आम्ल टाकणं ही दागिन्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांची उत्तम रीत आहे. पण नाण्याच्या कडेवरून रेघ ओढली तरी झीज होते, आणि आम्लाचा थेंब थेट नाण्यावर पडला तर कायमचा डाग राहतो. शिवाय मुलामा जाड असेल तर रेघ मुलाम्याचीच उमटते. आत पोचायचं तर कानस मारावी लागते. ज्या नाण्याची किंमत फक्त धातूची आहे तिथे ठीक. जुन्या नाण्यावर करू नये.

मार्च भिंगाचा महिना होता. इथे वेगळाच प्रश्न सुरू होतो : धातू खरा असला तरी हे नाणं त्या टांकसाळीत पडलंय का?

ओतीव नाणं ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. पृष्ठभागावर बारीक खड्डे किंवा पुटकुळ्या, अक्षरांच्या कडा गोलावलेल्या, मेणचट, आणि कडेवर साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ. राणी छापाच्या त्या हलक्या रुपयाच्या कडेवर ती रेघ होतीच. फोटो मोठा करून बघितला तर खाचा त्या रेघेजवळ तुटलेल्या स्पष्ट दिसत होत्या. जाड निघालेल्या मॉर्गन डॉलरवर १८८७ साल आणि मागच्या बाजूला अमेरिकेतल्या कार्सन सिटी टांकसाळीची सीसी अक्षरं होती. कार्सन सिटीत १८८६ ते १८८८ या काळात डॉलर पाडलेच गेले नाहीत. साल आणि टांकसाळ यांची जोडी तपासायला कुठलंही उपकरण लागत नाही, विश्वासार्ह सूची लागते.

वीस फ्रँकच्या नाण्यांची गंमत कडेवर आहे. १८९९ पासूनच्या कोंबडा छाप नाण्यांवर सुरुवातीला 'देव फ्रान्सचं रक्षण करो' या अर्थाची फ्रेंच अक्षरं असतात आणि १९०७ पासून 'स्वातंत्र्य, समता, बंधुता'. आमच्या १९१० च्या नाण्यावर दुसरी अक्षरं होती, तशीच हवीत. रंग जरा तांबूस होता, म्हणून मी घाबरले होते. पण १९०७ ते १९१४ सालं घातलेली ही नाणी फ्रान्सने १९५० च्या दशकात अधिकृतपणे पुन्हा पाडली आणि ती रंगाला तांबूस असतात. थेलरचंही तसंच. त्यावर कायम १७८० हेच साल असतं, कारण मारिया थेरेसा वारल्यानंतरही व्हिएन्नासह अनेक टांकसाळी ते याच सालाने पाडत राहिल्या, लंडन आणि मुंबईतल्यासुद्धा. अशी नाणी बनावट नव्हेत. अधिकृत पुनर्मुद्रण आणि नक्कल यांत फरक आहे, आणि विकताना 'अठराव्या शतकातलं' म्हणून न विकता पुनर्मुद्रण म्हणूनच विकावं.

अलीकडच्या औंसाच्या नाण्यांचं काम सोपं गेलं, कारण टांकसाळींनी खुणा आधीच पेरून ठेवल्या आहेत. कॅनडाच्या चांदीच्या मेपल लीफवर २०१४ पासून किरणांसारख्या बारीक रेषा आणि लेझरने कोरलेलं इवलंसं पान आहे. त्या पानात सालाचे शेवटचे आकडे भिंगाखाली वाचता येतात. ब्रिटनच्या ब्रिटानियावर २०२१ पासून नाणं तिरकं केलं की त्रिशूळाचं कुलूप होतं. अमेरिकी सिल्व्हर ईगलच्या कडेवर २०२१ च्या नव्या छापापासून एक खाच मुद्दाम वगळली आहे.

आणि मग गिन्या. सगळ्यांचं वजन बरोबर, माप बरोबर, घनता बरोबर. पण एकाच सालाच्या, १९१२ च्या, दोन गिन्यांवर मागच्या चित्रातल्या घोड्याच्या पोटाखाली सपाट जागेत एक बारीक खळगी होती. दोन्हींवर, अगदी त्याच जागी. वापरात पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर सारखा येऊ शकत नाही. एखाद्या खऱ्या नाण्यावरून ठसा तयार केला, तर त्या नाण्यावरची खळगी त्या ठशातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर उतरते. पुन्हा नीट बघितलं तर कडेलगतचे दाणे अस्पष्ट होते आणि जमिनीजवळची, ते चित्र करणाऱ्या पिस्त्रुचीची बी. पी. ही आद्याक्षरं नुसते ठिपके झाली होती. सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचं ते चित्र १८१७ मध्ये बेनेदेत्तो पिस्त्रुचीने केलं, आणि बाकीच्या गिन्यांवर त्याची अक्षरं वाचता येत होती.

पण घनता तर सोन्याचीच होती! वाचल्यावर उलगडा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनला तिच्यातल्या सोन्यापेक्षा बरीच जास्त किंमत मिळायची. म्हणून इटलीत, लेबनॉनमध्ये खऱ्या सोन्याच्या नकली सॉव्हरिन पाडल्या गेल्या. सोनं पुरेपूर, नाणं खोटं. इथे घरगुती चाचण्या संपल्या.

एप्रिलमध्ये मौल्यवान धातू तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत वेळ घेतली. तारीख मिळायला दोन-तीन आठवडे गेले. सोबत ओळखपत्राची प्रत, वारसाहक्काच्या कागदाची प्रत आणि माझी यादी नेली. अर्जात एक रकाना नीट वाचून भरावा : तपासणी नाणं न बिघडवता करायची की नमुना काढून. नमुना काढण्याच्या पद्धतीत धातूचा तुकडा भट्टीत वितळवून सोनं वेगळं करून तोलतात. अचूकतेत तिला तोड नाही, लंडनमध्ये ब्रिटनच्या नाण्यांची दरवर्षी जी 'ट्रायल ऑफ द पिक्स' होते तिची परंपरा तेराव्या शतकापासूनची आहे आणि तिथेही असंच वितळवून तपासत आले. पण आपलं नाणं त्यात जातं. मी क्ष-किरणांची तपासणी निवडली आणि अर्जावर 'खाच, छिद्र, खूण करू नये' असं हाताने लिहून त्यावर त्यांची सही घेतली. पाकिटं देताना प्रत्येक नाण्याचं वजन त्यांच्या काट्यावर माझ्यासमोर करून पावतीवर लिहून घेतलं, आणि परत घेताना पुन्हा केलं. यात कुणाला वाईट वाटत नाही. काउंटरवरच्या बाईंनी उलट स्वतःहून काटा माझ्याकडे वळवला.

शुल्क दर नाण्यामागे होतं. म्हणून मी सगळी नाणी दिली नाहीत. घरच्या चाचण्यांत सरळ बाद झालेल्यांवर पैसे घालवायचं कारण नव्हतं.

अहवालात दोन्ही शंकास्पद गिन्यांमध्ये सोनं ९१.६ टक्क्यांच्या जवळ, बाकी तांबं. जुन्या रुपयांत चांदी ९१.७ पेक्षा थोडी जास्त दिसली. तिथल्या तंत्रज्ञांनी कारण सांगितलं. हे किरण पृष्ठभागाच्या काही मायक्रॉनचंच सांगतात आणि जुन्या चांदीच्या वरच्या थरातलं तांबं काळाच्या ओघात निघून गेलेलं असतं. याच कारणाने जाड मुलामा या यंत्राला फसवू शकतो. म्हणून घनतेचा आकडा आणि हा अहवाल शेजारी ठेवून वाचायचे : घनता सगळ्या नाण्याचं सांगते, किरण वरच्या थराचं. क्रुगरँडसाठी त्यांनी वीजवाहकता मोजणारं यंत्रही लावलं. ते थोडं खोलवरचं सांगतं आणि प्रत्येक मिश्रधातूची वाहकता ठरलेली असल्याने सोन्याखाली लपलेली धातू उघडी पडते. क्रुगरँड तिथेही खरं उतरलं.

अहवालाच्या तळाशी एक ओळ होती : हा अहवाल धातूविषयी आहे, नाण्याच्या अस्सलपणाविषयी नाही. मामीला ती ओळ मी दोनदा वाचून दाखवली. "म्हणजे सोनं आहे, पण गिनी नाही?" तिने विचारलं. नेमकं तेच.

गिनीचा प्रश्न सोडवायला मे महिन्यात नाणी प्रमाणित करणाऱ्या संस्थेकडे अर्ज केला. या क्षेत्रात पीसीजीएस आणि एनजीसी ही १९८० च्या दशकात सुरू झालेली दोन नावं सगळ्यांना माहीत असतात. इतरही आहेत. सभासदत्व, अर्ज, प्रत्येक नाण्याची घोषित किंमत, त्या किमतीवर ठरणारं शुल्क, येण्या-जाण्याचा विमा असा सगळा क्रम असतो. घोषित किंमत कमी लिहून शुल्क वाचवू नये, पार्सल हरवलं तर भरपाई तेवढीच मिळते. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायचं असेल तर त्याआधी आपल्या देशाचा पुराणवस्तूंचा कायदा वाचावा. परवानगीशिवाय पाठवणं गुन्हा ठरू शकतं. मी प्रतिनिधीमार्फत देशातच होणाऱ्या तपासणीचा मार्ग घेतला.

संकेतस्थळावर 'मिळालं', 'तपासणीत' अशा पायऱ्या दिसतात. 'तपासणीत' हा शब्द सहा आठवडे बदलला नाही. रोज बघू नका, एवढंच सांगते. जूनच्या अखेरीस निकाल आला. बाकीच्या गिन्या अस्सल ठरून पारदर्शक डबीत सीलबंद होऊन आल्या. १९१२ च्या त्या दोन 'अस्सल नाही' या शेऱ्यासह तशाच परत. शुल्क त्यांचंही लागलं, नियमावलीत ते आधीच लिहिलेलं होतं. सीलबंद डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथला फोटो आपल्या नाण्याशी ताडून बघावा, कारण डब्यांच्याही नकला निघतात. विकत घेताना तर हे करायलाच हवं.

जुलैमध्ये वाटणी झाली. अस्सल नाणी आधी दोन सारख्या वाट्यांत, मग चिठ्ठी. दोन नकली गिन्या धातू शुद्ध करणाऱ्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल आणि 'अस्सल नाही' हा शेरा दोन्ही दाखवून केवळ सोनं म्हणून वजनावर दिल्या, ते पैसे निम्मे-निम्मे. दोन्ही मॉर्गन डॉलर आणि तो राणी छाप रुपया विकले नाहीत. बनावट आहे हे माहीत असताना नाणं अस्सल म्हणून पुढे सरकवणं गुन्हा आहे, आणि आपण गेल्यावर कुणीतरी नकळत तेच करू शकतं. म्हणून त्यांच्या पाकिटांवर पुसली न जाणाऱ्या शाईने 'बनावट' असं लिहून ती वेगळ्या डब्यात ठेवली.

प्रत्येक नाण्याबरोबर आता एक चिठ्ठी आहे : क्रमांक, वजन, व्यास, जाडी, घनता, तपासणीची तारीख, अहवालाचा क्रमांक आणि तो कुठे ठेवलाय ते. पाकिटं पीव्हीसीची घेऊ नयेत, त्यातून सुटणारी रसायनं चांदीवर हिरवट चिकट थर आणतात. मायलार (पॉलिएस्टरचा पारदर्शक कागद) किंवा आम्लविरहित कागदाची घ्यावीत. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली आहे. तिचा रंग बदलला की ती बदलायची, हे दोघी बहिणींना सांगून ठेवलंय.